सा कुणाचा, सम कुणाची: देशोदेशीच्या वादकांचे सहा अल्बम

‘वेस्ट मीट्स ईस्ट’च्या वेष्टनावर रविशंकर आणि येहुदी मेन्युहिन अशी दोन नावं शेजारी शेजारी आहेत. तबकडी १९६७ ची. पुढच्या वर्षी तिला चेंबर म्युझिकचं ग्रॅमी मिळालं आणि पूर्व-पश्चिम भेटीचा विषय निघाला की आजही पहिलं नाव तिचंच घेतलं जातं. आता तबकडीवर प्रत्यक्षात काय आहे ते पाहा. ‘प्रभाती’त मेन्युहिनचं व्हायोलिन आणि अल्लारखाँचा तबला आहे, सतार नाही. पूरिया कल्याणात सतार आणि तबला आहेत, व्हायोलिन नाही. दुसरी बाजू सगळी रुमानियन संगीतकार एनेस्कूच्या तिसऱ्या सोनाटाला दिलेली. तिथे मेन्युहिन आणि त्याची बहीण हेफझिबा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानो. दोघं समोरासमोर बसतात ते फक्त तिलंगावर बांधलेल्या ‘स्वरकाकली’त.

म्हणून अशा अल्बमची पारख नावांवरून करू नये. दोन प्रश्न विचारले तरी बरंच उलगडतं: सा, म्हणजे पायाचा स्वर, कुणाचा, आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुणाची? ज्याचा सा त्याचं घर, ज्याची सम त्याच्या हातात लगाम. दोन्ही एकाच बाजूला असतील तर दुसरा कलाकार पाहुणा, मग नावं कितीही सारख्या टायपात छापलेली असोत. पाहुणं असण्यात वाईट काही नाही. पण मग त्याला संगम वगैरे म्हणू नये.

सा ठरवणं म्हणजे पट्टी ठरवणं, असं वरवर वाटतं. तो भाग सोपाच. गिटारवाल्याला मोकळ्या तारा वापरता याव्यात म्हणून पेटीवरची पांढरी दोन, तीन किंवा सहा सोयीची पडते. सतार काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास खुलते. बासरीवाला हातातल्या बासरीच्या लांबीने बांधलेला, त्याला पट्टी बदलायची तर बासरीच बदलावी लागते. यातून अर्ध्या तासात वाट निघते. खरी अडचण गंधाराची. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो, सप्तकाचे १२०० सेंट धरले तर. पियानो, गिटार, बँजो यांच्या पडद्यावरचा गंधार बसतो ४०० सेंटवर. फरक १४ सेंटचा. काळी एकचा सा २७७.२ हर्ट्झ धरला तर तानपुऱ्याचा गंधार ३४६.५ हर्ट्झ येतो आणि पडद्यावरचा ३४९.२. दोन्ही एकदम धरून ठेवले की सेकंदाला पावणेतीन हेलकावे ऐकू येतात. जलद तानेत हे लपून जातं. गंधारावर न्यास केला, म्हणजे तिथे थांबलं, की उघडं पडतं. कोमल गंधार आणि शुद्ध धैवत यांच्या बाबतीत फरक १६ सेंटपर्यंत जातो. पंचम मात्र दोन्हीकडे जवळपास एकच, दोन सेंट इकडेतिकडे. घाईत जुळवलेल्या सहयोगांत सगळे सा-प वर येऊन विसावतात आणि गंधाराला चाटून पळतात, त्याचं कारण हे. ऐकताना एवढं एकच पाहा: मुक्काम कोणत्या स्वरावर होतोय?

दुसरा खड्डा कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याचा. तानपुरा सा सोडत नाही; कॉर्ड मात्र दर दोन-चार मात्रांनी बदलते. मध्यमावरची कॉर्ड लागली की कानाला मध्यमच सा वाटायला लागतो, आणि त्या क्षणी बासरीने धरून ठेवलेला धैवत गंधार होऊन बसतो. वादकाने काहीच बदललेलं नसतं, पण रागाची जमीन पायाखालून सरकलेली असते. राग टिकवायचा असेल तर कॉर्डवाल्याला हात आवरावा लागतो, नाहीतर राग सोडून धून वाजवावी लागते. तिसरी वाट क्वचितच कुणाला सापडलेली आहे.

समेचं प्रकरण याहून नाजूक. फ्लॅमेंको आणि कथक यांची जोडी नेहमी लावली जाते, कारण दोन्हीकडे बारा मात्रा सापडतात: इकडे एकताल, तिकडे बुलेरिया या फ्लॅमेंको प्रकाराचं आवर्तन. पण बुलेरिया मोजायला बारापासून सुरुवात होते आणि वजन पडतं १२, ३, ६, ८, १० वर. तिकडची बारावी मात्रा इकडच्या समेवर ठेवली, तर हीच वजनं एकतालाच्या १, ४, ७, ९, ११ या मात्रांवर येतात. नववी आणि अकरावी टाळीच्या मात्रा, तिथे दोघांचं छान जमतं. सातवी खाली, म्हणजे टाळी न देता सोडलेली मात्रा, तिथे फ्लॅमेंकोवाला दणका देतो आणि तबलजी नेमका बायाँ उचलून घेतो. त्याहून मोठी गोम शेवटाची. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तुकडा, संपते समेवर. फ्लॅमेंकोतला तुकडा बंद होतो दहावर, म्हणजे या मांडणीत अकराव्या मात्रेवर. दोघांनी आपापल्या सवयीने शेवट केला तर बरोबर दोन मात्रांची चुकामूक होते. एक जण टाळ्यांसाठी हात वर करतो तेव्हा दुसऱ्याच्या तिहाईचा शेवटचा ‘धा’ अजून यायचा असतो. यावर उपाय एकच, शेवट कुणाच्या घरी करायचा ते आधी बोलून ठेवायचं. जावाच्या गॅमेलान या कांस्यवाद्यांच्या वृंदात मोठी गाँग आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेला पडते. कागदावर हा घोळ वाटतो, पण मुखडा घेऊन समेवर येण्याची सवय असलेल्या कानाला ती गाँग लगेच समेसारखी भासते. तिथे अडतं ते सा वर. कांस्याची वाद्यं सहज पुन्हा मिळवता येत नाहीत, प्रत्येक संचाचं स्वरस्थान स्वतःचं असतं, आणि तिथे सतारवाल्याने तरफांसकट, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या तारांसकट, सगळं वाद्य त्याला मिळवून घ्यायचं असतं.

आता अल्बम. या सहांतला सगळ्यात वरचा, निःसंशय, ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा, म्हणजे तरफा लावलेली गिटार, राय कूडरची बॉटलनेक गिटार, सुखविंदर सिंग नामधारी यांचा तबला आणि कूडरच्या मुलाचा, जोआकिमचा, डुम्बेक हा पेल्याच्या आकाराचा ढोल. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका सेमिनरीच्या चॅपलमध्ये ध्वनिमुद्रण झालं, १९९३ मध्ये वॉटर लिली अकूस्टिक्सने तो काढला, १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. ध्वनिमुद्रणाआधी दोघांची ओळख तासाभराचीही नव्हती, तालीम नव्हती. ही गोष्ट जिथे तिथे चमत्कारासारखी सांगितली जाते. चमत्कार नाही तो. वाद्यांची निवड आहे.

दोघंही तारेवर सरकवणारे. भट्टजींच्या डाव्या हातात पोलादी कांब, वाद्य आडवं. कूडरच्या करंगळीत नळी, गिटार नेहमीसारखी उभी धरलेली. पण दोघांच्याही बाबतीत स्वर पडदा ठरवत नाही, कांब ठरवते. म्हणजे ते १४ सेंटचं भांडण सुरू व्हायच्या आधीच मिटलेलं. गंधार जिथे हवा तिथे कानाने लावायचा. त्यातून स्लाइड गिटारवाले मोकळ्या तारा बहुधा एका कॉर्डमध्ये मिळवतात; ‘ओपन डी’ हा त्यातला नेहमीचा प्रकार आपल्या भाषेत लिहिला तर खालून वर सा, प, सा, ग, प, सा असा होतो. निम्मा तानपुरा तिथेच तयार. तिकडे मोहनवीणेच्या बारा तरफा. दोन्हीकडे सा पक्का, दोन्हीकडे मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, हीच भाषा. पियानो आणि सारंगी यांना तासाभराच्या ओळखीवर चॅपलमध्ये बसवलं असतं तर चमत्कार झाला नसता.

चार तुकडे, प्रत्येक दहा मिनिटांच्या आसपास. शीर्षकाचा पहिला तुकडा ओळखीचा: एक जण वाक्य टाकतो, दुसरा त्याचा शेवट पकडून पुढे नेतो. इथे भट्टजी जरा जास्त बोलतात. कूडर एक स्वर लावून त्याचा नाद विरू देतो, आणि त्या जागेत मोहनवीणेची तान येऊन बसते. दोन-तीन ठिकाणी ती जागा मोकळी सोडली असती तर बरं झालं असतं असं वाटतं. दुसऱ्या, ‘लाँगिंग’ या तुकड्यात हा तोल सुधारतो. ‘गँजेस डेल्टा ब्लूज’ मध्ये सा कूडरचा, घरही त्याचंच. ब्लूजचा गंधार एका जागी बसत नाही, कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या पट्ट्यात तो वरखाली सरकत राहतो. दोन गंधारांचा जोग ऐकलेल्या कानाला ओळखीचं काहीतरी लागतं, पण जोगात शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना अशी शिस्त आहे; इथे नाही. भट्टजी ती शिस्त बाजूला ठेवतात आणि कांब नुसती तिरकी ओढतात, हे ऐकण्यासारखं. शेवटचा ‘इसा लेई’ हे फिजी बेटांवरचं निरोपाचं गाणं. इथे राग नाही, ब्लूजही नाही, दोघंही तिसऱ्याच्या घरी गेलेले, आणि म्हणूनच बहुधा दोघंही सगळ्यात मोकळे.

उणीव आहे ती तालाकडे. डुम्बेक आणि तबल्याचा दायाँ यांचे आवाज एकाच टापूत येतात, त्यामुळे डुम्बेकचं काम लय धरून ठेवण्यापलीकडे जात नाही. नामधारी संयमाने वाजवतात, इतके की समेचा प्रश्नच निघत नाही. ठेका वाहत राहतो. तालाची कारागिरी हवी असेल तर हा अल्बम तिच्यासाठी नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मं श्रेय तिथे आहे. ध्वनिमुद्रक कवि अलेक्झांडर यांनी वापरलेली पद्धत ब्लुमलाइनची. आठच्या आकड्यासारखे, म्हणजे पुढून आणि मागून सारखाच आवाज उचलणारे, दोन मायक्रोफोन एकाच बिंदूवर एकमेकांशी ९० अंशांत ठेवायचे. बस. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक नाही, त्यामुळे नंतर कुणाचा आवाज वाढवायची सोय नाही. तोल साधायचा तो माणसांना पुढेमागे सरकवूनच. टेप रेकॉर्डर टिम डी पाराव्हिचिनीने बांधलेला, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा. मायक्रोफोनच्या मागच्या बाजूने चॅपलची घुमारी आत येते. कांब थांबल्यावर तरफा किती वेळ बोलत राहतात ते मोजता येईल इतकं स्वच्छ ऐकू येतं. या पद्धतीचा तोटाही तोच: एकाची चूक झाली तर सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. कापून जोडायला वेगवेगळे ट्रॅकच नसतात. आजकालच्या बहुतेक सहयोगांत वादक वेगवेगळ्या देशांत बसून कानात क्लिक घेऊन आपापला भाग पाठवतात. क्लिक ठरलेल्या गतीची. विलंबित हळूहळू चढत मध्य लयीत येतं, ते अशा कामात शक्य नसतं, आणि समोरच्याचा श्वास ऐकून अर्धी मात्रा थांबणं तर नाहीच नाही.

याच जातीचा दुसरा चांगला नमुना ‘द रेन’. गझल या नावाने एकत्र येणारे कैहान कल्होर (कमांचे हे इराणी गजवाद्य) आणि शुजात हुसेन खाँ (सतार आणि गायन), सोबत संदीप दास यांचा तबला. बर्नमधल्या मे २००१ च्या मैफलीचं हे ध्वनिमुद्रण ईसीएम या कंपनीने २००३ मध्ये काढलं. तीन लांब तुकडे: ‘फायर’, ‘डॉन’, ‘इटर्निटी’. कमांचेला पडदे नाहीत. वाद्य खालच्या खिळ्यावर उभं असतं आणि तार बदलताना गज न वळवता वाद्यच फिरवतात. चामड्याच्या तोंडामुळे आवाज थोडा घोगरा, सारंगीला जवळचा पण कोरडा. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. मग अडचण कुठे? इराणी दस्तगाहांपैकी, म्हणजे तिथल्या रागांसारख्या चौकटींपैकी, शूरमध्ये दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधोमध पडतो. सतारीचा पडदा तिथे सरकवता येईल, पण मग तरफही तिथे मिळवायला हवी, नाहीतर बाकी सगळे स्वर गुंजतात आणि हा एकटाच मुका राहतो. म्हणून अशा जोडीला दोन वाटा: बिलावलाच्या जवळच्या माहूरसारख्या चौकटीत राहायचं, किंवा तो मधला स्वर मींडेतून ओढून काढायचा. शुजात खाँ विलायत खाँचे चिरंजीव. गायकी अंग घरातलं, मींडेची भीती नाही. त्यामुळे कल्होरच्या लांब गजातून निघालेलं वाक्य सतार जसंच्या तसं परत देऊ शकते, आणि पुष्कळदा देतेही.

या अल्बमचं बलस्थान म्हणजे ताल सुरू होण्याआधीचा भाग. इराणी संगीतातला तालमुक्त ‘आवाज’ आणि आपला आलाप एकमेकांत इतके सहज मिसळतात की शिवण दिसत नाही. तबला आला की मात्र सम उघडपणे हिंदुस्थानी होते आणि कल्होर तिच्यावर चढून वाजवतो. तो ते उत्तम करतो, पण घर बदललेलं कळतं. मैफलीचं ध्वनिमुद्रण असल्याने मधेच सूर हललेले ऐकू येतात. ते काढून टाकले नाहीत याबद्दल आभारच मानायला हवेत.

मैफलीत सूर हलतात ते का, हेही थोडं सांगून टाकू, कारण मिश्र वाद्यवृंदात हे दुप्पट छळतं. हवा तापली की बासरीचा सूर चढतो, नळीतली हवा एक अंशाने तापली तर जास्तीत जास्त तीन सेंटने. त्याच उष्णतेत तारा सैल होऊन उतरतात. म्हणजे दोन बाजू विरुद्ध दिशांना निघतात. तबल्याची पुडी दमट हवेत उतरते आणि दिव्यांखाली सुकली की चढते. हातोडी आणि गठ्ठे हाताशी असल्याने तबलजी सावरून घेतो. घटम् भाजलेल्या मातीचा, त्याचा सूर जवळपास कायमचा ठरलेला, म्हणून वादकाला वेगवेगळ्या पट्ट्यांचे घटम् सोबत न्यावे लागतात. मंचावर जायच्या वीस मिनिटं आधी खोलीत मिळवलेलं वाद्य दिव्यांखाली पुन्हा मिळवावंच लागतं, आणि त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत वेळ ठेवलेला नसतो.

घटम् निघाला आहे तर ‘शक्ती’. जॉन मॅक्लॉफ्लिन (गिटार), एल. शंकर (व्हायोलिन), झाकीर हुसेन (तबला), टी. एच. विनायकराम (घटम्) आणि या पहिल्या अल्बमपुरते मृदंगमवर आर. राघवन. ५ जुलै १९७५ ला न्यूयॉर्क राज्यातल्या साउथहॅम्प्टन कॉलेजात मैफल झाली आणि १९७६ मध्ये अल्बम निघाला. इथे गिटारवाल्याने आपली अडचण वाद्यातच सोडवली. एब्राहम वेक्टरने त्याच्यासाठी बांधलेल्या गिब्सन गिटारच्या मुख्य तारांखालून सात तरफा तिरक्या गेलेल्या, आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढलेलं. बोट लाकडाला टेकत नसल्याने तार दाबून किंवा बाजूला ओढून मींड घेता येते. पण ओढून सूर फक्त चढतो, उतरत नाही. पडद्यावरचा ४०० सेंटचा गंधार चौदा सेंट खाली आणायचा तर खालचा पडदा धरून तिथून वर ओढावं लागतं, आणि शक्तीच्या गतीला तेवढी फुरसत नाही. मॅक्लॉफ्लिन त्याआधी वीणा शिकला होता, ते त्याच्या गमकांत दिसतं, तरी एल. शंकरच्या व्हायोलिनशेजारी त्याचा गंधार कडक वाटतो.

समेच्या बाबतीत मात्र हा अल्बम या सहांत पहिला. आणि खरा सहयोग गिटार-तबल्याचा नव्हेच. तो आहे तबला आणि मृदंगम-घटम् यांचा, म्हणजे हिंदुस्थानी आणि कर्नाटक लयशास्त्रांचा. त्या काळी ही जोडी आपल्याकडच्या व्यासपीठांवरही सर्रास दिसत नव्हती. ‘जॉय’ अठरा मिनिटं सुसाट धावतो. पाचही जण एकाच ओळीवर एकदम कोसळतात तेव्हा थक्क व्हायला होतं, चौथ्यांदा कोसळतात तेव्हा घड्याळाकडे लक्ष जातं. त्यानंतरचा ‘लोटस फीट’ छोटा आणि शांत, पुन्हा पुन्हा ऐकावा असा तोच. तिसरा तुकडा जवळजवळ एकोणतीस मिनिटांचा. नाव त्याहून लांब.

बालाके सिसोको आणि व्हँसाँ सेगाल यांचा ‘चेंबर म्युझिक’ (२००९) अगदी वेगळ्या चालीचा. मालीचं कोरा हे वाद्य आणि फ्रेंच वादकाचा चेलो. बामाकोमध्ये, सलिफ केईताच्या मूफू स्टुडिओत ध्वनिमुद्रित. कोरा मुळीच कोरा नसतो: अर्ध्या भोपळ्यावर चामडं, एकवीस तारा, आणि वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या एवढंच. अंगठा खालची फिरती ओळ धरून ठेवतो, तिला कुंबेंगो म्हणतात. तर्जन्या वरून धावत्या ताना सोडतात, त्या बिरिमिंतिंगो. सूर बांधलेला असल्याने रचनेच्या मधेच थाट बदलता येत नाही. सिलाबा नावाची जुळणी आपल्या बिलावलाजवळची, सौतात मध्यम तीव्र, म्हणजे कल्याण थाटाच्या वाटेवरची. थाट बदलायचा तर तारा पुन्हा लावायच्या; जुन्या घडणीच्या कोऱ्यावर चामड्याची कडी दांड्यावरून सरकवून, प्रत्येक तारेला एक.

तेव्हा इथे सा कोऱ्याचा हे उघडच आहे, आणि सेगाल ते पहिल्या क्षणापासून मान्य करतो. चेलोला पडदे नाहीत, त्यामुळे तो कोऱ्याच्या गंधारावर अलगद जाऊन बसतो. कधी गज सोडून तारा छेडत खर्जाचं काम करतो, कधी गज अगदी हलका ठेवून वरचे नाद काढतो. कॉर्डचा मोह टाळतो. तालवाद्य जवळजवळ नाहीच, सम कुंबेंगोत दडलेली. तक्रार एकच: अर्ध्यानंतर तुकडे एकमेकांसारखे वाटू लागतात, लय एकाच पट्ट्यात फिरते. सलग ऐकू नये. चार तुकडे, मग खंड.

‘अ‍ॅज वी स्पीक’ (२०२३) आवाजाच्या दृष्टीने या सहांत सर्वांत स्वच्छ: बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बास, राकेश चौरसियांची बासरी, झाकीर हुसेन यांचा तबला. २०२४ मध्ये या अल्बमला एक आणि त्यातल्या ‘पश्तो’ या तुकड्याला एक अशी दोन ग्रॅमी मिळाली. त्याच संध्याकाळी शक्तीच्या नव्या अल्बमलाही मिळालं, म्हणजे झाकीरभाईंच्या वाट्याला तीन. डिसेंबरात ते गेले. बँजोला कुणी रागसंगीताच्या जवळचा म्हणणार नाही, पण त्याची पाचवी, आखूड तार सतत मधे मधे वाजते आणि काम करते थेट चिकारीचं, म्हणजे सतारीच्या कडेच्या झणकारत्या तारांचं. अडचण नादाची. बँजोचा स्वर क्षणात मरतो, त्यामुळे न्यास करता येत नाही. फ्लेक तीन बोटांनी स्वरांची साखळी विणून तो अभाव झाकतो. मग बासरीने लांब स्वर लावला की तिच्याखाली बँजोची टिकटिक सुरू, आणि बासरीचा श्वास पुरेसा ऐकूच येत नाही. गजाने वाजणारा मायरचा बास हा या चौघांतला खरा दुवा. बासरीच्या मींडेला उत्तर देतो तो तोच. रचना अतिशय बांधीव, विषम मात्रांचे हिशेब चोख. सुचलेलं कमी आणि लिहिलेलं जास्त, अशी शंका मात्र शेवटपर्यंत जात नाही.

परत ‘वेस्ट मीट्स ईस्ट’. मेन्युहिन लिहून दिलेलं वाजवतो, हे लपवलेलं नाही आणि त्यात कमीपणाही नाही. व्हायोलिनला पडदे नसल्याने स्वर तो नेमके लावतो. बिघडतं ते स्वर लावल्यानंतर. पाश्चात्य हाताला ठेवलेल्या प्रत्येक स्वरावर सेकंदाला पाच-सहा वेळा कंप द्यायची सवय असते. गुणकलीतला कोमल रिषभ मागतो संथ आंदोलन, शेजारच्या स्वराला स्पर्श करून परत येणारं. कंप त्याला जागच्या जागी थरथरवतो. ‘प्रभाती’ त्यामुळे सुंदर वाजूनही गुणकली होता होता राहते. गंमत अशी की दुसऱ्या बाजूचा सोनाटा, ज्याला लोक भर घातल्यासारखा मानतात, तोच या विषयाशी जास्त जवळचा आहे. एनेस्कू मेन्युहिनचा गुरू. १९२६ च्या या रचनेत त्याने रुमानियन लोकव्हायोलिनच्या घसरत्या सुरावटी, पाव स्वरांसकट, कागदावर उतरवल्या. मींड लिपीत कशी मावते आणि कुठे सांडते, हे ऐकायचं तर इथे ऐका.

ऐकण्याबद्दल थोडं. फोनच्या स्पीकरवर यातला एकही अल्बम ऐकू नका. तरफा आणि बायाँ दोन्ही गायब होतात आणि उरतं ते नुसतं टोचणं. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ साठी हेडफोनपेक्षा समोर ठेवलेले दोन स्पीकर बरे, कारण ब्लुमलाइनचं चित्र खोलीतच नीट उभं राहतं. त्याची एलपी आणि एसएसीडी दोन्ही निघालेली आहेत, पण साधी सीडीसुद्धा पुरेशी बोलते. ‘द रेन’ आणि ‘शक्ती’ तुकड्यांच्या मधे थांबवून ऐकले तर काही हाती लागत नाही, तिथे सलग वेळ काढा. ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ची तबकडी मिळाली तर पहिल्या बाजूच्या तिसऱ्या तुकड्यावर थेट सुई ठेवा. ‘स्वरकाकली’त तिलंगाचे दोन निषाद, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल, सतार आणि व्हायोलिन आळीपाळीने घेतात. शुद्ध निषादावर दोघं एकाच जागी असतात. कोमलावर आले की मेन्युहिनचा कंप सुरू होतो आणि रविशंकर लगेच पुढच्या स्वरावर निघून जातात.